जात्याची घरघर

आवाज डोळ्यांनी बघायची सवय लागायला थोडा वेळ लागतो. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग उघडलं की पडद्यावर निळा आडवा पट्टा पसरतो. बोलणारा बोलला की तो फुगतो, थांबला की बारीक रेघ उरते. पत्रकारितेच्या वर्गात ध्वनिसंपादन शिकायला लागले तेव्हा ती मला नुसती नक्षी वाटायची. मग हळूहळू तिच्यात माणसं दिसू लागली. ‘प’ म्हणताना ओठांतून सुटलेली हवा माइकवर आदळते, तिथं उभा सुळका. ‘स’ लांबला की दाट, एकसलग पट्टी. आणि वाक्य सुरू व्हायच्या आधी, रेघेला अगदी चिकटून, एक छोटासा फुगवटा. तो श्वास. म्हातारं माणूस बोलत असेल तर तो मोठा असतो आणि पुन्हा पुन्हा येतो.

कापायचं कुठं, हा या विद्येतला सगळ्यात नाजूक भाग. लहर वरखाली होताना मधल्या शून्यरेषेला छेदते. नेमकं तिथं कापलं तर जोड ऐकू येत नाही, इकडंतिकडं कापलं की ‘टक्’ असा आवाज उरतो. झेड दाबलं की निवडलेल्या भागाची टोकं आपोआप त्या रेषेवर सरकतात. पण श्वास ठेवायचा की काढायचा, हे सांगणारं बटण नाही. मुलाखतीतले सगळे श्वास काढून बघा, थोड्या वेळात ऐकणाराच गुदमरतो. शांततेचंही तसंच. दोन वाक्यांमध्ये कोरी शांतता घातली की हेडफोनमध्ये खड्डा पडल्यासारखं होतं, कारण खऱ्या खोलीत शून्य कधीच नसतं. पंखा असतो, लांबून जाणारी एसटी असते, पत्र्यावर उतरलेला कावळा असतो. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करायची. त्याला रूम टोन म्हणतात. मला या कामातला हा भाग फार आवडतो. एरवी कुणी कुणासाठी इतकं गप्प बसत नाही.

सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण म्हणजे एका सेकंदात 44,100 वेळा आवाजाचं माप घेणं. माणसाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, आणि लहर नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, त्यावरून हा आकडा आला. तो शिकले त्या दिवशी मला आत्या आठवली. सेकंदाला 44,100 वेळा! इतक्या बारकाईनं तिचं कुणी कधी ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

आत्या मावळात राहते. गावात पिठाची गिरणी कधीच आली, तरी तिनं जातं मोडीत काढलं नाही. प्रकल्पासाठी तिच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या ठरल्या तेव्हा मी म्हटलं, “आत्या, तू नुसती बसून म्हण, जातं नको.” तिनं प्रयत्न केला आणि दोन ओळींत अडली. “हातात खुंटा असल्याबिगर मला न्हाई आठवत गं,” म्हणाली. मग नाचणी घेतली, वैरण घातली, खुंटा धरला, आणि ओव्या येतच राहिल्या.

वर्गातल्या रिवाजाप्रमाणे आधी नॉइज रिडक्शन. त्याची रीत अशी: जिथं कुणी बोलत नाही असा तुकडा निवडून प्रोग्रामला द्यायचा, हा नको असलेला आवाज म्हणून ओळख करून द्यायची, मग तो सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढंच वजा करतो. पंखा जातो, विजेची गुणगुण जाते. तसंच जातंही जवळजवळ गेलं. आत्याचा गळा लख्ख ऐकू येऊ लागला आणि मी खूश झाले. आत्याला हेडफोन लावून ऐकवलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “जातं कुठं गेलं?”

तिचा प्रश्न बरोबर होता, हे दोन्ही ट्रॅक शेजारी लावले तेव्हा कळलं. घरघर वाटते एकसारखी, पण ती तशी नाही. ताजी वैरण पडली की आवाज जड, दबका होतो. दाणे सरत आले की दगडावर दगड खरखरतो, पट्टा जाड होतो. नेमक्या त्याच जागी आत्या शेवटचं अक्षर लांबवते, कारण तिचा एक हात सुपाकडं गेलेला असतो. मूठ पडते, जातं पुन्हा जड होतं आणि पुढची ओळ सुरू होते. जातं काढून टाकल्यावर ते लांबलेलं अक्षर तसंच राहिलं, पण ते का लांबलं याचं कारण निघून गेलं. प्रोग्रामला सतत चालणारं ते टाकाऊ एवढंच ठाऊक. बाईच्या कष्टाचा आवाज सततच चालतो, म्हणून तो सगळ्यात आधी पुसला जातो. मला याचा राग आला, अजूनही येतो.

एमपीथ्रीची गोष्ट वाचताना याच ठिकाणी थबकले. कानाला जे जाणवणार नाही ते वगळून फाइल लहान करायची, ही त्यामागची कल्पना. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग ती घडवत होते, तेव्हा सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ त्यांनी कसोटीला घेतलं. एकाही वाद्याशिवाय, एकट्या बाईचा गळा. सुरुवातीला त्या गळ्याची पार दुर्दशा झाली, आणि तो नीट ऐकू येईपर्यंत त्यांनी काम सुधारत नेलं. यंत्राला काय टाकायचं हे शिकवायला कुणाला तरी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं. आम्हाला वर्गात वाटतं की सॉफ्टवेअर शिकलं की झालं. खरं शिक्षण त्या ऐकण्यात आहे.

ओव्यांच्या बाबतीत हे ऐकण्याचं काम पुण्यात फार आधी झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 1990च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारा माणूस. तबल्याच्या बोलांसाठी त्यांनी संगणकावर ‘बोल प्रोसेसर’ही घडवला होता. 2017पासून हा ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आहे. तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. अभ्यासक्रमात ज्याला मेटाडेटा म्हणून एक तास मिळतो, ते हे. लाखभर ओव्या नावानिशी सांभाळलेल्या पाहिल्यावर माझा त्या तासाबद्दलचा कंटाळा गेला.

आत्याच्या फाइलमध्ये जातं परत आणलं. गळ्याखाली फार घुमणारा भाग इक्वलायझरनं थोडा उतरवला, बाकी तसंच ठेवलं. मूळ डब्ल्यूएव्ही वेगळी जपली. मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा खाते, खाऊ दे. मग माहितीचा तक्ता भरायला बसले: गायिका, गाव, तारीख, दळण कशाचं. आत्या शेजारी होती. “ही ओवी माझी न्हाई, सासूची हाय. तिचं नाव लिही,” म्हणाली. तक्त्यात तशी जागा नव्हती, म्हणून ‘कुणाकडून शिकली’ हा नवा रकाना काढला. तो भरायला घेतला तर प्रत्येक ओवीमागून एकेक बाई निघाली. चुलतसासू, माहेरची शेजारीण, भातलावणीला आलेली कुणी एक, जिचं नाव आत्याला आठवेना. त्यातल्या दोघी अजून हयात आहेत, एक पवनेच्या अलीकडच्या गावात. दिवाळीच्या सुट्टीत दोघींकडं जायचं ठरलंय. या खेपेला दोन माइक नेणार आहे, एक गळ्यासाठी आणि एक जात्यासाठी.