लुनियाखेडीचा तंबोरा

उज्जैनला येणाऱ्या मराठी यात्रेकरूची वाट ठरलेली असते. महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, सांदीपनी आश्रम, मंगळनाथ आणि संध्याकाळी रामघाटावर क्षिप्रेची आरती. 2022 मध्ये ‘महाकाल लोक’ उभं राहिल्यापासून या वाटेवरची गर्दी कितीतरी वाढली आहे. मीही ती वाट चाललो, पण या गावी आलो होतो काही कॅसेटींमुळे. नव्वदच्या दशकात माळव्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर, ट्रॅक्टरवर आणि लग्नघरी वाजलेल्या प्रह्लादसिंह टिपानिया यांच्या कबीरभजनांच्या कॅसेटी. त्यांतलं गाणं आता मोबाइलवर उतरवून घेतलं आहे. मूळ फितीची खरखर त्यात तशीच राहिली आहे आणि ती काढून टाकावी असं मला वाटत नाही.

टिपानिया उज्जैन जिल्ह्यातल्या तराना तहसिलातल्या लुनियाखेडी गावचे. जन्म 1954 चा, पेशा सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा. घरात गाण्याची परंपरा नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका गावात त्यांनी तंबोरा ऐकला, तो वाजवायला शिकायचं म्हणून भजनी मंडळीत जाऊन बसले आणि तंबोऱ्यामागून कबीर आला. पुढे कॅसेटी निघाल्या, आकाशवाणीवर गाणं झालं, परदेशचे दौरे झाले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी ओळखत नाही असं म्हणण्याची सोय नाही. पण मराठी घरांत, जिथे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं पिढ्यान् पिढ्या ऐकली जातात, तिथे हे नाव काढलं की बहुतेक वेळा समोरचा गप्प राहतो. लुनियाखेडीपासून कुमारांची देवासची ‘भानुकुल’ वास्तू फार लांब नाही. माळव्याचं निर्गुण आपण अर्धंच ऐकलं आहे, असं मला या कॅसेटी पुन्हा ऐकताना वाटत राहिलं आणि उरलेलं अर्धं त्याच्या मातीत ऐकावं म्हणून मी निघालो.

आधी उज्जैन. या शहरावर मराठी हात किती ठिकाणी फिरला आहे हे पाहून जीव हरखतो. इल्तुतमिशच्या 1234-35 च्या स्वारीत महाकालाचं देऊळ पडलं. आज दिसणारं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं. भर बाजारातलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी बस्तान ग्वाल्हेरला हलवलं, तोवर शिंदेशाहीची राजधानी हीच होती. गोपाळ मंदिराच्या चांदीच्या दारांशी उभं राहून पाहिलं, तर समोरच्या बोळांमधल्या जुन्या वाड्यांचे चौक आणि सज्जे ओळखीचे वाटतात. हे सगळं दरबाराचं, दिवाणाचं, राणीचं उज्जैन. ते दगडात आहे, म्हणून ते सापडायला कष्ट पडत नाहीत.

गाण्याचं उज्जैन शोधायला गावाबाहेर, गढकालिकेच्या अंगाला जावं लागतं. तिथे क्षिप्रेच्या काठावर भर्तृहरीची गुंफा आहे. विक्रमादित्याचा थोरला भाऊ, पिंगला राणीच्या दगाबाजीने मन विटलेला, राज्य धाकट्यावर टाकून गोरखनाथाचा चेला झालेला राजा. इतिहासाच्या कसोटीला ही कथा कितपत उतरते हा वेगळा प्रश्न, पण गुंफा आजही नाथपंथी साधूंकडे आहे आणि तिच्यात वाकून उतरलं की धुनीच्या धुराने काळे पडलेले दगडी खांब लागतात. आपल्याकडे श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ वाचलं जातं, त्यातले भर्तरीनाथ ते हेच. मालू नरहरीने 1819 मध्ये लिहिलेली ती पोथी आमच्याही घरी होती. भर्तरीचं वैराग्य लहानपणापासून कानांवर पडलेलं, पण ते कुठल्या नदीच्या काठचं हे कधी मनात आलं नव्हतं.

या नाथांनी माळव्याला गाणं दिलं. सारंगी किंवा एकतारी घेऊन दारोदार भर्तरी-गोपीचंदाच्या कथा गाणारे जोगी आणि देहाला मठ, शहर, झोपडी, चरखा म्हणणारी निर्गुणाची भाषा हे त्यांचंच देणं. गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. त्याच मुळाची एक फांदी दक्षिणेत आली आणि वारकरी संप्रदायात मिसळली, दुसरी इथे राहिली आणि कबिराला येऊन मिळाली. माळव्यातली भजनी मंडळी गोरख आणि कबीर एकाच रात्री, एकाच तंबोऱ्यावर गातात. त्यांना त्यात दोन पंथ दिसत नाहीत.

कुमार गंधर्वांच्या कानी हेच गाणं पडलं. 1948 च्या जानेवारीत क्षयाने खचलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले. पाच-सहा वर्षं गाणं बंद. खाटेवर पडल्या पडल्या ते रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, जोग्यांची भजनं ऐकत राहिले आणि मग ती टिपत गेले. त्यातून ‘मालवा की लोकधुनें’ हा कार्यक्रम उभा राहिला, धुनउगम राग जन्मले आणि निर्गुणी भजनांचा तो गाभारा तयार झाला, ज्यात शिरल्यावर आपण बोलेनासे होतो. निर्गुण गाताना शून्य उभं राहिलं पाहिजे, ही कुमारांची धारणा. त्यांचा स्वर येतो आणि भोवतीचं सगळं विरत जातं. मी त्या स्वराचा ऋणी आहे. पण गाणारी मंडळी त्या चित्रातून हळूहळू बाहेर गेली, हेही खरं. जोगी उरला तो आठवणीतला, नावगाव नसलेला.

उज्जैनहून मक्सीचा रस्ता पूर्वेकडे जातो. दिवाळी होऊन गेलेली. सोयाबीन निघून काळी जमीन मोकळी झालेली, कुठे गहू पेरून पाणी सोडलेलं. रस्त्याच्या कडेला लसणाचे ढीग आणि प्रत्येक खेड्याच्या वेशीवर एखादा शेंदूर फासलेला दगड. मक्सीला रेल्वेचं जंक्शन आणि पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे. तराना तहसिलातली खेडी याच टापूत पसरलेली. गाडीत टिपानियांचं भजन लावलं होतं. चालकाने पहिल्या साखीलाच मान डोलावली, दुसऱ्या कडव्याला तो स्वतः गायला लागला आणि मक्सी येईपर्यंत थांबला नाही.

हे गाणं कसं आहे ते सांगायला हवं. सुरुवात साख्यांनी होते, म्हणजे दोह्यांनी. ताल नाही, फक्त तंबोरा आणि मोकळा, उंच, जरा धारदार आवाज. माळव्याचा हा तंबोरा पाच तारांचा. शास्त्रीय बैठकीतला तानपुरा अखंड झंकारत मागे राहतो, तर हा तालात छेडला जातो. गाणाऱ्याच्या एका हातात तंबोरा आणि दुसऱ्यात करताल, दोन्ही एकाच वेळी चालू. मग ढोलकी येते, मंजिरी येते, टिपानियांच्या संचात व्हायोलिनही असतं आणि ते या मंडळीत असं काही मुरलं आहे की परकं वाटतच नाही. भजनाने वेग घेतला की गायक मध्येच थांबतो आणि बोलू लागतो. या ओळीत कबीर काय म्हणतो, गाडी म्हणजे काय, गाडीवान कोण, तू देवळात काय शोधतोस आणि शेजाऱ्याशी कसा वागतोस. आपल्या कीर्तनातलं निरूपणच हे. शाळामास्तराचा फळ्यापुढचा सराव त्या बोलण्यात आहे. आणि पुन्हा एकदम ध्रुवपद, पुन्हा ढोलकी. कुमारांच्या निर्गुणात माणूस एकटा होत जातो, टिपानियांच्या निर्गुणात तो चारचौघांत येऊन बसतो. दोन्ही कबिराचीच घरं.

शब्दांचं म्हणाल तर ही भजनं छापील ‘बीजक’मध्ये किंवा विद्वानांच्या संपादित पोथ्यांत शोधू नयेत. पुष्कळशी सापडणार नाहीत. स्टॅनफर्डच्या लिंडा हेस यांनी शुकदेव सिंह यांच्यासह ‘बीजक’चं इंग्रजी भाषांतर 1983 मध्ये केलं होतं. छापील कबिरात मुरलेली ही बाई पुढे माळव्यात येऊन राहिली, या मंडळींबरोबर गावोगाव हिंडली आणि 2015 मध्ये ‘बॉडीज ऑफ सॉंग’ हा मौखिक कबिरावरचा मोठा ग्रंथ तिने लिहिला. पंधराव्या शतकातल्या कबिराच्या नावावर इथे आगगाडीची भजनंही आहेत, त्यात इंजिन आहे आणि तिकीटही. कुणा अनाम माणसाने ती रचली, शेवटी आपलं नाव न घालता कबिराची छाप घातली आणि गावाला देऊन टाकली. आजच्या भाषेत गीतकार-गायक म्हणावेत असे शेकडो जण या छापेच्या आड उभे आहेत. टिपानियांच्या कॅसेटी या त्या सगळ्यांच्या कॅसेटी आहेत.

लुनियाखेडीत टिपानियांनी कबिराच्या नावाने संस्था उभी केली आहे आणि तिथे दर वर्षी महोत्सव भरतो, रात्रभर मंडळ्या गात राहतात. मी गेलो तेव्हा महोत्सवाचे दिवस नव्हते. खेडं आपल्या कामात होतं. तरीही आवारात बसून ऐकलेलं तेच भजन वेगळं लागलं, कारण त्यातली बैलगाडी, विहीर, चाक, वाट हे सगळं समोरच होतं.

गाणारे हात बहुतेक बलाई समाजाचे आहेत, टिपानियाही त्यातलेच. बलाईंचा पारंपरिक धंदा विणकामाचा आणि जातीच्या उतरंडीत जागा तळाची, अस्पृश्यतेचे चटके सोसलेली. विणकर कबीर या वस्तीत का घर करून राहिला हे समजून घ्यायला पुस्तकाची गरज नाही. 1991 मध्ये देवासला ‘एकलव्य’ या शिक्षणसंस्थेने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. शाळेत विज्ञान कसं शिकवावं यासाठी ज्या संस्थेचं नाव झालं होतं, तिने भजनी मंडळ्यांना महिन्यातून एकदा बोलवायला सुरुवात केली. खेड्याखेड्यांतून मंडळ्या यायच्या, रात्रभर गायच्या आणि गाता गाता बोलायच्या, जातीवर, कर्मकांडावर, बाबाबुवांवर. अयोध्येचा वाद देशभर पेटला होता त्या काळात हे चाललं होतं. माळव्यातल्या पुष्कळ गायकांना आपलं गाणं ही विचार करण्याची जागा आहे, याचं भान या रात्रींनी दिलं. कॅसेटींमधलं टिपानियांचं निरूपण ऐकताना त्या रात्रींची धग लागते.

त्यांची वाट सरळ नव्हती. मधल्या काळात ते छत्तीसगडच्या दामाखेडा गादीचे महंत झाले. ही कबीरपंथाची धर्मदासी शाखा. तिच्यात चौका-आरती नावाचा विधी आहे, नारळ, पानं, नैवेद्य, गुरूपुढे नमन असा सगळा थाट. कर्मकांडावर कोरडे ओढणाऱ्या कबिराची भजनं गाणाऱ्याने हा विधी चालवावा का, असं त्यांचे जुने सोबती तोंडावर विचारू लागले. शबनम विरमानी यांच्या ‘कबीरा खड़ा बाज़ार में’ या माहितीपटात हा सगळा झगडा दिसतो आणि पुढे टिपानियांनी ती महंती सोडली. कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओढाताण अशी उघडी ठेवायला मोठं काळीज लागतं. 2019 मध्ये ते देवासमधून काँग्रेसतर्फे लोकसभेला उभेही राहिले आणि हरले. त्या निवडणुकीचं मला फारसं अप्रूप नाही. महंती सोडणाऱ्या माणसाचं आहे.

विरमानींचा कबीर प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला, गुजरातच्या दंगलीनंतर. त्यातूनच शहरी श्रोत्यांना टिपानिया भेटले, ध्वनिमुद्रणं निगुतीने झाली, शब्दांची पुस्तकं आली. ते काम मोलाचं आहे. तरी मी मित्रांना आधी जुन्या कॅसेटी ऐका असं सांगतो. नंतरच्या मैफलींत गायक ओळखीच्या श्रोत्यांपुढे बसलेला आहे. कॅसेटींत तो आपल्याच गावांशी बोलतो आहे, त्यांच्या माळवीत, त्यांच्या भांडणांविषयी, त्यांना ठाऊक असलेल्या वाटांवरून.

लुनियाखेडीहून परतल्यावर मी रामघाटावर फार वेळ थांबलो नाही. क्षिप्रेत आता नर्मदेचं पाणी खेळतं, 2014 पासून ते नळांतून आणून सोडतात, आणि 2028 च्या सिंहस्थाची कामं काठाकाठाने जोरात चालली आहेत. मला दुसऱ्या दिवशी इंदूरमार्गे महूला जायचं होतं. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेबांचा जन्म तिथल्या लष्करी छावणीत झाला, तेव्हा त्यांचे वडील रामजी सुभेदार तिथल्या लष्करी शाळेत शिकवत होते. कोकणातल्या आंबडव्याचं हे कुटुंब कबीरपंथी, घरात कबिराची भजनं नेमाने होत. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असं बाबासाहेबांनी पुढे सांगितलं. ती भजनं माळव्यातल्या त्या घरात कुठल्या चालीवर म्हटली गेली, हे कुठल्याही फितीवर नाही. पण रामजी सुभेदारांसारख्याच एका शिक्षकाने, त्याच मुलखात, तोच कबीर शंभर वर्षांनी फितीवर भरून ठेवला आहे. आंबेडकरी जलशांची, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची परंपरा सांभाळणाऱ्या मराठी माणसांपर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही. महूच्या वाटेवर मी त्या कॅसेटींमधली निवडक भजनं वेगळी काढत बसलो, परतल्यावर नागपूर आणि मनमाडच्या मित्रांना पाठवायला.