नंतर सांगते

"शनिवारी संध्याकाळी तू नक्की जातेस कुठे गं?"

सेकंड इयरपासून कँटीनमध्ये हा प्रश्न मला किमान पन्नास वेळा तरी विचारला गेला असेल. पुण्यातली मुलगी वही घेऊन संध्याकाळच्या क्लासला जाते म्हणजे एक तर जर्मन, नाही तर जॅपनीज, हे आपल्याकडे ठरलेलंच. रानडे इन्स्टिट्यूट की मॅक्सम्युलर भवन, एवढाच काय तो प्रश्न! शेवटी एकदा मी सांगून टाकलं, "भारतीय सांकेतिक भाषा शिकते. पुढे दुभाषी व्हायचंय."

टेबलावर दोन सेकंद शांतता. मग आमच्यातला एक मेकॅनिकलवाला चहाचा घोट घेत म्हणाला, "त्यात शिकायचं काय? हातवारे तर मी रोज करतो, स्वारगेटच्या चौकात!"

सगळे हसले, मीही हसले. खरं उत्तर मात्र एका कटिंगमध्ये संपण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. (आणि सबमिशनच्या तोंडावर संपादकांनी पिच्छा पुरवला म्हणूनही!)

क्लासचा पहिला दिवस अजून लख्ख आठवतो. आमचे सर स्वतः कर्णबधिर आहेत. वर्गात नियम एकच, दीड तास तोंडातून शब्द काढायचा नाही. व्हायवात गप्प बसण्याचा मला दांडगा अनुभव, त्यामुळे हे सहज जमेल असं वाटलं होतं. पण पाचव्या मिनिटालाच हात कुठे ठेवावेत ते कळेना. सर काहीतरी विचारत होते आणि मी त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते. त्यांनी खूण करून मला थांबवलं आणि स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट गोल फिरवलं. हातांकडे नको, इकडे बघ.

कारण या भाषेचं कितीतरी व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की साध्या विधानाचा 'हो की नाही' असा प्रश्न होतो. 'काय', 'कुठे', 'कोण' हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. होऊन गेलेलं खांद्याच्या मागे, व्हायचंय ते समोर. जो माणूस तिथे हजर नाही त्याला हवेत एक जागा नेमून द्यायची; पुढे त्या जागेकडे नुसतं बोट केलं की तो वाक्यात हजर! नाकाशी चमकी दाखवली की बाई, ओठावर मिशी दाखवली की पुरुष. इंग्रजी मुळाक्षरं अमेरिकेत एका हाताने दाखवतात, आपल्याकडे दोन हातांनी. म्हणजे जगभर एकच सांकेतिक भाषा असते हाही गैरसमजच. आपल्या देशातसुद्धा गावोगावी काही खुणा बदलतात, व्याकरण मात्र बरंचसं एकच राहतं. आणि ही हातांनी बोललेली मराठी नव्हे. मराठीचे विभक्तिप्रत्यय हातांवर लादायला गेलं की सर कपाळाला हात लावतात. ती खूण मात्र सगळ्यांना आधीपासूनच येते.

आता खरं कारण सांगते. माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, जन्मापासून कर्णबधिर आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. थोरले काका लवकर गेले. दादा आणि काकू शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात राहतात. दादा डीटीपीचं काम करतो. दिवसभर प्रुफं, मार्जिन, फॉन्ट. घरात आमच्या खुणा ठरलेल्या. कप म्हणजे चहा, चष्मा म्हणजे माझे बाबा, पोट म्हणजे धाकटे काका (हे त्यांना अजून माहीत नाही, आणि ते हे मॅगझीन वाचत नाहीत!). मी म्हणजे दोन वेण्या. केस कापून पाच वर्षं झाली, पण माझं नाव अजून दोन वेण्याच आहे.

लहानपणापासून दादाची अधिकृत दुभाषी मीच. सणावाराला वाड्यात वीस माणसं जमायची, एकाच वेळी पाचजण बोलायचे. कुणीतरी काही म्हणायचं आणि सगळे खो खो हसायचे. दादा माझ्याकडे बघायचा. काय झालं? मी तळहात दाखवायची. थांब, नंतर सांगते. ते 'नंतर' कधी यायचं नाही. आलंच तर अर्ध्या तासाच्या गप्पांचं एक वाक्य व्हायचं, "काही नाही रे, काका गंमत करत होते." आपण टेलिकॉमवाले याला लॉसी कॉम्प्रेशन म्हणतो. फरक इतकाच, की काय टाकून द्यायचं ते मी ठरवत होते आणि काय टाकलं गेलं ते त्याला कधीच कळत नव्हतं.

मग २५ फेब्रुवारी २०१९ उजाडला. शिक्षण आणि नोकरीच्या मागण्या घेऊन राज्यभरातले कर्णबधिर तरुण पुण्यात समाजकल्याण आयुक्तालयासमोर जमले होते. दादाही गेला होता, मागच्या बाजूला होता. त्या दिवशी तिथे लाठीमार झाला. संध्याकाळी दादा घरी आला तो हात थरथरत होते. तो सांगायला लागला. भराभर, खूप वेळ, दोन्ही हातांनी. आमच्या घरच्या खुणांनी नव्हे, त्याच्या मित्रांशी बोलतो त्या भाषेत. काकू, बाबा, धाकटे काका, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा आठवीत होते. मला 'पोलीस' कळलं, 'मार' कळलं, 'मित्र' कळलं. बाकी काही नाही. अर्ध्या मिनिटाने दादाला ते समजलं. त्याने हात खाली केले, पाणी प्यायला आणि आत जाऊन झोपला.

आपल्या घरातल्या माणसाने काय पाहिलं ते आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. क्लासला मी नाव घातलं ते पुढे पाच वर्षांनी, पण ठरलं होतं त्या रात्रीच.

क्लासमध्ये पुढे इतिहासही कळला. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे ठराव झाला की या मुलांना तोंडी बोलण्याच्या पद्धतीनेच शिकवावं. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. तिथे २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ चं. त्यांच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले, आणि त्यात कायद्याचे, वैद्यकीय, तांत्रिक शब्दही आले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. वर्गात तो व्हिडिओ बघताना सरांनी दोन्ही हात वर करून हलवले. टाळ्या अशाच वाजवतात.

पण भाषा येणं वेगळं आणि दुभाषी होणं वेगळं. सी प्लस प्लस आलं म्हणून कुणी लगेच कंपायलर लिहीत नाही, तसंच काहीसं. दुभाष्याचे नियम ऐकायला अगदी सोपे. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'मी'. बधिर माणूस हातांनी 'मला ताप आहे' म्हणाला तर दुभाष्याने आवाजात "मला ताप आहे" असंच म्हणायचं. "डॉक्टर, याला ताप आहे" असं नाही. 'याला' म्हटलं की तो खुर्चीतला माणूस उठून गेला आणि आपण त्याचे पालक झालो.

सराव म्हणून घरी बातम्या लावून सांकेतिक भाषेत सांगायचे. वाक्य पुरतं कळल्याशिवाय हात उचलता येत नाहीत, आणि तोवर निवेदिका पुढच्या वाक्यावर गेलेली असते. एका कानाने ऐकायचं, डोक्यात उलटवायचं, हातांनी आधीचं सांगायचं. पंधरा मिनिटांत डोक्याचा भुगा! मोठ्या कार्यक्रमांत म्हणूनच दोन दुभाषी असतात आणि साधारण वीस मिनिटांनी पाळी बदलतात. आपले प्रोफेसर दोन-दोन तास सलग शिकवतात त्याचं मला तेव्हापासून खरंच कौतुक वाटायला लागलं. (सर, इंटर्नलचे मार्क बघा जरा!)

गेल्या मे महिन्यात परीक्षेची वेळ आली. युनिव्हर्सिटीची नव्हे, घरची. वाडा डेव्हलपरला द्यायचा ठरत होता आणि करारावर वारसांच्या सह्या हव्या होत्या. थोरले काका नाहीत, म्हणजे काकूची आणि दादाची सही आलीच. घरच्यांसाठी दुभाषी म्हणून बसू नये, कारण तिथे तटस्थ राहता येत नाही, असं आम्हाला शिकवलंय. दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं म्हणून मी दोघांना विचारलं, दोघांनाही त्या दिवशी जमत नव्हतं. शेवटी मीच बसले. दादाच्या समोर, बाबांच्या बाजूला, म्हणजे त्याला मीही दिसेन आणि बोलणाराही.

पहिली वीस मिनिटं चौरस फूट, पार्किंग, कॉर्पस. जमत होतं. मग वकिलांनी विचारलं, "यांना सगळं समजावलंय ना?" आणि बाबा म्हणाले, "त्याला काय कळणार यातलं? त्याला नंतर सांगू. सही तेवढी घ्या."

माझे बाबा. दादाच्या फीपासून त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं ज्यांनी केलं ते बाबा. वाईट हेतू नव्हताच त्यांचा. हात गुडघ्यावर तसेच ठेवले असते तर कुणाला काही कळलं नसतं. चौदा वर्षं मी तेच करत आले होते. दादा माझ्याकडे बघत होता. मी हात उचलले आणि सांगितलं. सगळं. 'त्याला काय कळणार' सकट.

दादाने बाबांकडे पाहिलं. मग सावकाश, मला नीट कळेल अशा गतीने तो बोलला आणि मी आवाज दिला, "मी पूर्ण कागद वाचलाय. सातव्या पानावर काम पूर्ण व्हायची मुदत ३६ महिने आहे. अकराव्या पानावर भाडं २४ महिन्यांचंच आहे. मधले बारा महिने मी आणि आई कुठे राहणार? हे दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

धाकटे काका माझ्यावरच खेकसले, "तू कशाला मध्ये बोलतेस? तुझी सही कुणी मागितलीये?"

"मी नाही, दादा बोलतोय," मी म्हटलं. आवाज फुटत होता. वकिलांनी मुकाट्याने पानं उलटली. सातवं पान, मग अकरावं. चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. त्या खोलीत कुणीतरी दादाबद्दल 'त्यांचं' म्हटलं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते सुद्धा मी त्याला सांगितलं. दिवसभर प्रुफं तपासणाऱ्या माणसाला आकड्यांतली चूक दिसणारच. आम्ही कुणी त्याला कधी विचारलंच नव्हतं. करार दुरुस्तीला परत गेला.

पुढच्या शनिवारी मी छाती फुगवून सरांना हकिगत सांगितली. नावं-गावं वगळून, अर्थात. सरांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सुरुवातीला सगळ्यांना सांगितलंस का, की तू 'मी' म्हणशील तेव्हा तो बोलतोय?" नव्हतं सांगितलं. "मग काकांचं काय चुकलं?" शाबासकी नाहीच, उलट गृहपाठ मिळाला. मी मात्र पूर्ण आठवडाभर बाबांवर चिडून बसले होते.

बीई झाल्यावर मला सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचाय. बारावीनंतर करता येणारा कोर्स इंजिनिअरिंगनंतर करणारी मी बहुधा वेडीच, कारण घरी विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न "पॅकेज किती?" हाच आला. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण परवा त्यांनी मला हळूच विचारलं, "'चुकलो' कसं दाखवायचं गं?" मी दाखवलं. वापरलं की नाही ते मला माहीत नाही. दुभाष्याने चौकशा करायच्या नसतात.

दिवाळीत वाड्यात पुन्हा सगळे जमलो. कदाचित या वाड्यातली शेवटची दिवाळी. फराळ चालू असताना बाबा काहीतरी म्हणाले आणि सगळे खो खो हसले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि माझा तळहात सवयीने वर गेला. थांब, नंतर सांगते. अर्ध्यावरच मी तो खाली घेतला, हातातली चकली बाजूला ठेवली आणि बाबांचा पूर्ण विनोद सांगितला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चेहऱ्यासकट.

दादा हसला नाही. भुवया वर करून त्याने विचारलं, "एवढंच?"

एवढंच. बाबांचे विनोद यथातथाच असतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दादाला ते तिसाव्या वर्षी कळलं.

- तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार