मेंदीचं कुंपण

सुरतजवळच्या सचिन गावी एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घराण्यातले नवाब राज्य करत. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आमच्या वेळी हुकूम चालायचा तो जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांचा. धुळे-नंदुरबारची आमच्यासारखी माणसं कापडाच्या लुमांच्या मागे उधना, पांडेसरा, सचिन अशी पसरली होती. आमच्या रांगेत शेजारी गुजराती, आणि दोन अंगणांत मेंदीचं कुंपण.

ते वाढलं की भांडण ठरलेलं. पावसात फांद्या दोरीवरच्या धुण्याला लागत, पाचोळ्याने मोरी तुंबायची, त्यात सापाची भीती. एकदा वडिलांनी सकाळीच कात्री चालवली, तर शेजारचे काका रातपाळीहून येऊन नुकते झोपलेले. महिनाभर अबोला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तेव्हा शेजारच्या मासी स्वतःच म्हणाल्या, "छाटा आता, पोरींना पानं होतील." ती मेंदी वाटून दोन्ही घरच्या मुलींचे हात रंगले.

सगळं असंच गोड संपायचं असं नाही. दोन घरं एका शेवग्यापायी कायमची तुटली, ती तुटलीच.

कायदा म्हणाल तर शेजाऱ्याच्या हद्दीत न शिरता आपल्याकडे आलेली फांदी छाटता येते. लेमन विरुद्ध वेब खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1894 मध्ये सांगितलं, की त्यासाठी आधी कळवायचीही गरज नाही. आमच्या मासींना हे लॉर्ड अजिबात पटले नसते! न विचारता छाटणं हाच तर खरा गुन्हा होता. महाराष्ट्रात 2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, समित्या बसल्या. आमची समिती म्हणजे ओट्यावरच्या तीन म्हाताऱ्या. त्यांच्यापुढे कोणाचंच चालत नसे.

आता मेंदीच्या जागी भिंत, वर ग्रिल, खाली पेव्हर ब्लॉक. फांद्या तरीही येतातच, बोगनवेलीच्या. पण तक्रार ओट्यावर जात नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, त्यावर लाल गोल. खाली चाळीस जण अंगठे देतात. ज्याची वेल, तो दुसऱ्या दिवशी माळी पाठवतो. काम होतं, पण एकमेकांचं तोंड कोणी पाहत नाही. मला तो अबोला परवडला, निदान तो दोन घरांपुरताच असायचा.

तुमच्याकडे शेजारची फांदी आली असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. तरी आधी बेल वाजवा. आणि शेजारी रातपाळीचा असेल तर दुपारनंतर.