यंत्र लिहील, पडताळणार कोण?

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी सकाळी फिरणारी आम्ही निवृत्त मंडळी पूर्वी रक्तदाब, गुडघे आणि पेन्शन यांवर बोलत असू. अलीकडे त्यात मुलांच्या नोकऱ्यांची भर पडली आहे. अनेकांची मुले-सुना ठाण्याची लोकल पकडून महापे-ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत जातात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर आज्ञावली लिहिण्याचे बरेचसे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली. माझी सूनही प्रोग्रामर आहे. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. तिची झोप उडाली की आम्हा दोघा वृद्धांचीही उडते.

मी बँकेत उमेदवारी केली ती खातेवह्यांच्या काळात. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखली, तेव्हा आम्हीही असेच धास्तावलो होतो. पुढे शाखेत संगणक आला आणि लांबलचक बेरजा तोंडी करणाऱ्यांचा मान ओसरला. मात्र नोंद पाहताच ‘हा व्यवहार या खातेदाराचा नसावा’ असे ओळखणाऱ्याची गरज वाढली. यंत्र बेरजेत चुकत नसे. पण चुकीचा आकडा दिला, तर त्याचीही बेरीज ते तितक्याच निष्ठेने करी. एक नुकसान मात्र झाले. बेरजा करता करता नवख्यांची नजर तयार होत असे, ती वाट बंद झाली. आज नव्याने नोकरीस लागणाऱ्या प्रोग्रामरांपुढे नेमकी हीच अडचण आहे.

‘मग तुला आता काय यायला हवे?’ असे मी सुनेला विचारले. तिने माझ्याच गोळ्यांचे उदाहरण घेतले. सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता औषधाची आठवण करून देणारी आज्ञावली साधन काही मिनिटांत लिहून देते. पण गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? एक राहिली, तर पुढच्या वेळी दोन घेऊ द्यायच्या का? उपवासाच्या दिवशी मधुमेहाच्या गोळीचे काय? उत्तरे डॉक्टरांनी द्यायची. परंतु हे प्रश्न आधी सुचणे, हे पहिले कौशल्य. साधनाने लिहिलेले ओळ न् ओळ वाचून, मुद्दाम अडचणीचे प्रसंग घालून तपासणे हे दुसरे. त्यासाठी संगणकाचा पाया पक्का लागतो, कारण साधन चुकतेही मोठ्या आत्मविश्वासाने. तिसरे कौशल्य म्हणजे वापरणाऱ्याशी बोलून त्याची गरज समजून घेणे आणि काम बिघडल्यास जबाबदारी आपली मानणे.

या तिसऱ्या कौशल्यात, वाचकहो, आपला उपयोग आहे. अक्षरे बारीक का वाटतात, कोणते बटण दाबताना हात थरथरतो, ओटीपी येईपर्यंत काय विसरायला होते, हे मुलांना सविस्तर सांगा. त्यांच्या कामाचा तो कच्चा माल आहे.

आणखी थोडी काळजी आपण घेऊ शकतो. नोकरकपातीची प्रत्येक बातमी जेवताना वाचून दाखवू नका. नवे शिकण्यासाठी मुले रात्री जागत असतील, तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहण्याची आठवण करा, तासातासाने उठून चालायला लावा. ‘तुझे कसे होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय शिकलीस?’ असे विचारा. झोप न लागणे, चिडचिड, निराशा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही दिवसरात्र उपलब्ध आहे. तो फोनजवळ लिहून ठेवा. गरज पडल्यास आपणही तो बिनदिक्कत फिरवावा, कारण मुलांची काळजी वाहणाऱ्या आईवडिलांचे मनही कधीतरी थकतेच.