पडद्यावरचा ‘हॅमिल्टन’

‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाचे चित्रीकरण जून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये झाले. नाटककार-नायक लिन-मॅन्युएल मिरांडा लवकरच भूमिका सोडणार होते. मूळ संच फुटण्याआधी दिग्दर्शक टॉमस केल यांनी दोन भरगच्च प्रयोग चित्रित केले आणि काही गाणी रिकाम्या नाट्यगृहात, कॅमेरा रंगमंचावर चढवून, वेगळी टिपली. त्यामुळे पडद्यावरचा प्रयोग असा सलग कोणत्याच संध्याकाळी झालेला नाही.

शेवटच्या रांगेतून नाटकातला इंग्लंडचा राजा जॉर्ज म्हणजे मुकुट आणि तांबडा झगा. पडद्यावर मात्र जोनाथन ग्रॉफ यांच्या हनुवटीवर ओघळलेली थुंकीही दिसते, आणि राजाचा लाडिक वेडेपणा त्या ओघळाने आणखी भीतिदायक होतो. एवढे जवळचे तिकीट नाट्यगृहात कोणालाच मिळत नाही.

या जवळिकीची किंमत समूहाला मोजावी लागते. ‘सॅटिस्फाइड’ या गाण्यात अँजेलिका बहिणीच्या आणि हॅमिल्टनच्या लग्नात शुभेच्छा द्यायला उभी राहते आणि सारा सोहळा उलटा फिरत त्याच्या पहिल्या भेटीच्या रात्रीपाशी जातो. फिरता रंगमंच मराठी प्रेक्षकाला ‘तो मी नव्हेच’पासून ठाऊक आहे, इथे एकात एक अशी दोन वर्तुळे फिरतात, आणि त्यांवरची माणसे मघाच्याच हालचाली उलट क्रमाने करतात. चित्रपटाला काळ मागे नेणे फार सोपे, म्हणूनच पडद्यावर हा चमत्कार संकटात सापडतो. चौकटीत सगळा रंगमंच असेल तरच ती माणसांची करामत ठरते; नाहीतर संकलनाची वाटते. शेवटच्या द्वंद्वात गोळीची वाट शरीराने दाखवणाऱ्या आरियाना डिबोस आधी नृत्यसमूहातच वावरतात. नाट्यगृहात त्यांच्यावर नजर ठेवता येते. इथे कॅमेरा दाखवील तेवढ्याच त्या दिसतात.

टाळ्याही २०१६ च्याच. चित्रपटगृहातले हात त्यांच्यात मिसळावे की नाही या संभ्रमात अर्धवट उचलले जातात. ‘वन्स मोअर’ तर कोणी द्यावा आणि घ्यावा कोणी?

हा चित्रपट ऑक्टोबर २०२१ मध्ये चित्रपटगृहांत यायचा होता. करोनामुळे तो ३ जुलै २०२० रोजी थेट डिस्ने प्लसवर, म्हणजे घराघरांत, आला. अमेरिकेत मोठ्या पडद्यासाठी ५ सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर ब्रॉडवेवर नाटकाला दहा वर्षे झाली होती आणि नव्या संचाचे प्रयोग चालूच होते.