हिरव्या ओळींची पाठ

वेबसाइटच्या तपासणीचा अहवाल हातात पडला की ग्राहक आधी लाल ओळी शोधतात. मी हिरव्या ओळींपासून सुरुवात करतो. लाल ओळीत निदान काहीतरी सापडलेले असते. हिरवी ओळ वाचताना मात्र इथे नेमके काय तपासले, हे आधी विचारावे लागते.

गूगलच्या लाइटहाऊस या वेबपाने तपासणाऱ्या साधनात ९० आणि त्यापुढचे गुण हिरवे. ॲक्सेसिबिलिटीत, म्हणजे अपंगांनाही पान वापरता येते का या तपासणीत, १०० पैकी १०० मिळवणाऱ्या मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ नोंदलेली असू शकते. भाषेची नोंद आहे का आणि ती वैध आहे का, एवढेच हे साधन पाहते. मजकुराशी ती जुळते का, हे पाहत नाही. मग स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाच्या कानी इंग्रजी आवाजातले मोडके मराठी पडते, कधी काहीच पडत नाही. म्हणून गुण कितीही असोत, माउस बाजूला ठेवून, स्क्रीन रीडर लावून मी फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहतो.

सुरक्षेत हिरव्या ओळीवरचा असा भरवसा फार महाग पडतो. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. तीव्रता दहापैकी दहा. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीने काही दिवसांतच स्कॅन चालवला. त्यात ती सापडली नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या पोर्टलमध्ये ती तशीच होती. मे महिन्यात चोर तिथूनच शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. संशयास्पद वाहतूक पकडणाऱ्या यंत्रणेच्या प्रमाणपत्राची मुदत आधीच संपलेली होती, त्यामुळे चोरी जुलै अखेरपर्यंत कळलीच नाही.

काही दोष तर स्कॅनरच्या नजरेत सहसा येतच नाहीत. पत्त्यातला क्रमांक बदलल्यावर दुसऱ्याची पावती उघडली, तरी स्कॅनरला ते नीट उघडलेले पान वाटते. पावती कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत या जातीचे दोष पहिल्या क्रमांकावर आहेत. ते शोधायला दोन वेगळी खाती उघडून माणसालाच बसावे लागते.

म्हणून अहवाल स्वीकारण्यापूर्वी तपासणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: कुठे पाहिले नाही, आणि कोणती तपासणी माणसाने स्वतः केली? उत्तरे लेखी घ्या. ती मिळेपर्यंत अहवालावर सही करू नका.