बोटीवरील विसावा

कोकणात 'बोट लागणे' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. बोट बंदरात येऊन उभी राहिली म्हणजे ती लागली. आणि उतारूच्या पोटात ढवळू लागले म्हणजे त्यालाही बोट लागली. मुंबई-गोवा मार्गावरील आगबोटींनी ज्यांनी प्रवास केला, त्यांना दुसरा अर्थच अधिक परिचयाचा होता. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात नांगर टाकीत असे आणि उतारू पडावातून हेलकावे खात किनारा गाठीत. डेकवर वळकटी पसरायला हातभर जागा मिळाली, तर माणूस स्वतःला भाग्यवान समजे. लिंबू, आवळासुपारी आणि देवाचे नाव एवढाच काय तो औषधोपचार! 'रामदास', 'तुकाराम', 'सेंट अँथनी' अशी संतांची नावे बोटींना देण्यामागे कंपनीचा हेतू काहीही असो, त्या नावांची खरी गरज उतारूंनाच होती, असे आमची आई म्हणत असे.

ऐंशीच्या दशकात ती वाहतूक बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि समुद्राकडे पाठ करून प्रवास करण्याची आम्हांला सवय झाली. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही प्रवासी नौका मुंबईहून गोव्याकडे निघाली. कान्होजी आंग्रे यांचे आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेल्या प्रवाळभूमीचे नाव तिने धारण केले होते. २०२० च्या साथीत ती थांबली. २०२१ च्या सप्टेंबरात १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली 'एम्प्रेस' ही कितीतरी मोठी नौका मुंबईहून प्रवासी नेऊ लागली. ज्या पाण्यावर आमच्या आईला बोट लागत असे, त्याच पाण्यावर आता अंगाला तेल चोळून घेण्यासाठी आणि वाफ घेण्यासाठी स्वतंत्र दालने असतात. त्यांना 'स्पा' म्हणतात.

हा शब्द बेल्जियममधील स्पा नावाच्या गावावरून रूढ झाला. तेथील खनिजयुक्त पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत आणि २०२१ साली युनेस्कोने युरोपातील ज्या अकरा झऱ्यांच्या नगरांना जागतिक वारसा मानले, त्यांत या गावाचाही समावेश आहे. आम्हां रत्नागिरीकरांना याचे फारसे नवल वाटू नये. संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी, आरवली आणि दापोलीजवळचे उन्हवरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. गुडघे धरलेली म्हातारी माणसे तेथे पाय सोडून बसलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तेथे वेळ राखून ठेवावी लागत नाही. आपला नंबर आला की पाण्यात उतरायचे.

बोटीवर मात्र वेळ राखून ठेवावी लागते, आणि ही रीतही आजची नव्हे. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर तुर्की पद्धतीचे स्नानगृह होते. त्याचे तिकीट चार शिलिंगांना मिळे. सकाळची वेळ स्त्रियांची, दुपारची पुरुषांची. त्या स्नानगृहात पाच सेवक कामाला होते. त्यांपैकी दोन स्त्रिया वाचल्या, तिघा पुरुषांना समुद्राने घेतले. स्नानगृहाच्या रंगीत फरशांचे वर्णन पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. गरम टॉवेल हाती देणाऱ्या त्या पाच जणांविषयी मात्र कोणी सहसा बोलत नाही.

आम्ही दोघी बहिणी. थोरलीने बत्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले, धाकटी शाळेत शिकवीत होती. दोघीही आता निवृत्त आहोत आणि आईवडिलांच्या घरातच राहतो. धाकटीच्या मुलाने आखातातून आम्हांला तीन रात्रींचा जलप्रवास भेट म्हणून दिला आणि त्यासोबत प्रत्येकीसाठी एका मालिशचेही पैसे पाठविले. प्रवासाला आम्ही लगेच होकार दिला. मालिशचे मात्र घरात चार दिवस मौन होते.

त्या मौनाला कारण होते. चार वर्षांपूर्वी थोरलीच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि काखेतील गाठीही काढाव्या लागल्या. परमेश्वराच्या कृपेने ती बरी आहे. परंतु तेव्हापासून तिच्या देहाला जो स्पर्श झाला, तो तपासणीचा. कधी थंड यंत्राचा, कधी हातमोजे घातलेल्या बोटांचा, कधी रक्त काढण्यासाठी शीर शोधणाऱ्या अंगठ्याचा. ज्या बाईने आयुष्यभर पडून असलेल्या रोग्यांच्या पाठी चोळल्या, कूस बदलून देऊन त्यांना जखमा होऊ दिल्या नाहीत, तिला स्वतःची पाठ दुसऱ्याच्या हाती देणे अवघड वाटू लागले होते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारते." आणि तिने विचारलेही. मालिश चालेल, मात्र डाव्या हाताला व त्या बाजूच्या छातीला कोणी हात लावू नये, दाब हलका असावा, अशी दोन ओळींची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहून दिली. शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात सुजण्याची भीती कायम राहते. म्हणून ही काळजी.

बोटीवर चढल्यावर पहिल्याच दुपारी आम्ही स्पाच्या टेबलाशी गेलो. तेथे मोठी गर्दी होती. खुल्या समुद्रातील संध्याकाळच्या वेळा सर्वांनाच हव्या असतात. कारण तेव्हा प्रवाशांना करण्यासारखे दुसरे काही नसते. बोट बंदरात उभी राहिली आणि माणसे गाव पाहायला उतरली की हीच दालने ओस पडतात, आणि पुष्कळ बोटींवर त्या वेळी दरही उतरतात. आम्ही गोव्याच्या मुक्कामातील सकाळ मागितली. पन्नास मिनिटांचे शुल्क ऐकून थोरलीने मनातल्या मनात हिशेब केला. नोकरीच्या पहिल्या वर्षात तिला मिळालेल्या बाराही पगारांची बेरीज त्याहून कमी भरली! सेवाशुल्क या रकमेतच आहे की नंतर वेगळे लावणार, हे तिने सरळ विचारून घेतले. वेळ बदलायची असेल तर किती आधी सांगावे लागते, हेही विचारले. रोग्याच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे नियम समजावून सांगितलेल्या बाईला नियम विचारण्याचा संकोच कसला?

मग एक छापील कागद पुढे आला. रक्तदाब आहे का? मधुमेह? अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का? कोणते अंग दुखते? हाताचा दाब कसा हवा? कोठे हात लावू नये? दुसऱ्यांचे असे हजारो कागद थोरलीने भरले असतील. या वेळी मात्र तिची लेखणी शस्त्रक्रियेच्या रकान्याशी थांबली. मागे रांग होती. धाकटीने हळूच म्हटले, "राहू दे हवं तर." थोरलीने मान हलविली आणि सारे स्वच्छ अक्षरांत लिहिले. टेबलामागच्या तरुणाने कागद वाचला आणि तो थबकला. कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीला डॉक्टरांच्या संमतीवाचून ते घेत नाहीत, असे त्याने नम्रपणे सांगितले. थोरलीने पिशवीतून चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारले, परत येऊन मान डोलावली आणि सकाळी साडेदहाची वेळ लिहून दिली. त्या रात्री बोट दक्षिणेकडे जात असता आम्ही डाव्या कठड्याशी बराच वेळ उभ्या होतो. किनाऱ्यावरचे दिवे कोणत्या गावाचे, यावर आमचा थोडा वाद झाला. मालिशविषयी आम्ही बोललो नाही.

थोरलीला जी मुलगी मिळाली, ती मिझोरमची होती. वय पंचविशीच्या आसपास. तिने कागद वाचला होता, नुसता पाहिला नव्हता. डाव्या हाताखाली तिने मऊ उशी दिली आणि पन्नास मिनिटांत त्या हाताला एकदाही स्पर्श केला नाही. उजव्या खांद्याशी मात्र तिचे हात थांबले. तिने हिंदीत विचारले, "आँटी, आपण वजन उचलण्याचे काम केले आहे का?" थोरली म्हणाली, "वजन नाही, माणसे." एवढेच संभाषण झाले. त्यानंतर थोरली झोपी गेली. रात्रपाळ्यांनी जिची झोप कापसासारखी हलकी करून टाकली आहे, ती परक्या माणसाच्या हाताखाली, बोटीच्या पोटात, दिवसाउजेडी झोपी गेली.

घड्याळात पन्नास मिनिटे पुरी झाल्यावरही त्या मुलीने तिला उठविले नाही. पुढची वेळ कोणी राखलेली नव्हती. बाहेर बसलेल्या धाकटीला तिने दार किलकिले करून ओठांवर बोट ठेवून खूण केली. थोरली उठली तेव्हा तिने प्रथम त्या मुलीचे हात पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. परिचारिकेच्या नजरेतून ती कशी सुटणार? मुलगी हसली आणि म्हणाली, "सगळ्यांनाच होते." करार संपायला तिला अजून चार महिने होते. शेवटी रिवाजाप्रमाणे तिने क्रीमच्या दोन बाटल्या दाखविल्या. त्यांच्या विक्रीवर तिला थोडे कमिशन मिळे. थोरलीने बाटल्या घेतल्या नाहीत. बाटलीसाठी काढून ठेवलेले पैसे तिने बक्षीस म्हणून तिच्याच हातात दिले.

घरी परतल्यावर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. २००६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सागरी कामगारांसाठी एक करार केला. तो २०१३ साली अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही त्यास मान्यता दिली. बोटीवर काम करणारा तो दर्यावर्दी, असे हा करार मानतो. मग तो यंत्रापाशी असो, स्वयंपाकघरात असो, की मालिशच्या दालनात. त्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. दहा तासांचे तुकडे दोनच पाडता येतील आणि त्यांतील एक सलग सहा तासांचा हवा. कामाचे तास जगात सर्वत्र मोजले जातात. विश्रांतीचे तासही कोणीतरी मोजून लिहून ठेवले आहेत, हे वाचून आम्हांला समाधान वाटले. त्या मुलीने थोरलीला जी जास्तीची मिनिटे दिली, ती स्वतःच्या मोकळ्या वेळातून दिली, हेही तेव्हाच ध्यानात आले. आपल्या ख्रिस्तसभेत सागरी कामगारांसाठी १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले, आज 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाणारे प्रेषितकार्य आहे, आणि जुलै महिन्याचा दुसरा रविवार त्यांच्यासाठी प्रार्थनेचा असतो. खलाशांसाठी प्रार्थना करताना ही मालिश करणारी मुलेमुलीही आता आमच्या डोळ्यांपुढे येतात.

स्पा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपल्याकडे म्हटले जाते. त्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तेलाचा हात आपल्याला परका नाही. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला आमच्या आळीत एक मावशी येत असे. गोव्याकडून आलेल्या आमच्या घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'रोस' लावून, म्हणजे अंगाला नारळाचा रस चोळून, नवरानवरीला न्हाऊ घालण्याची रीत आहे. मावशीच्या हाताला घड्याळ नव्हते आणि दरही नव्हता. सूपभर तांदूळ, दोन नारळ आणि चाळीस दिवस भरल्यावर एक लुगडे, एवढ्यात सारा व्यवहार पुरा होई. त्यात जिव्हाळा होता, यात शंका नाही. पण मावशीचा अंगठा सुजला होता का, हे कोणाला ठाऊक? बोटीवरच्या व्यवहारात जिव्हाळ्याची हमी नसते. पण तेथे एक गोष्ट छापील कागदावर मान्य केलेली असते: या हातांचा वेळ या हातांच्या मालकिणीचा आहे, तो हवा असेल तर आधी विचारावा लागेल, मोजून घ्यावा लागेल आणि त्याचे मोल द्यावे लागेल.

असा योग ज्यांना येईल, त्यांनी संकोच करू नये. आजार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घरूनच घेऊन जावी. कागदावर खरे तेच लिहावे. स्त्रीचाच हात हवा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. नको ती बाटली हसून परत करावी. आणि ज्या हातांनी आपल्याला विसावा दिला, त्या हातांकडे एकदा नीट पाहावे.

थोरलीच्या उजव्या खांद्याला तेल लावायला हल्ली आठवड्यातून एकदा वरच्या वाडीतील एक बाई येते. आदल्या दिवशी आम्ही तिला फोन करतो आणि विचारतो, "उद्या तुला कधी जमेल?" ती सांगेल ती वेळ आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतो. काम झाले की ती आधी चहा घेते आणि मग पैसे. कधी ती म्हणते, "आज हात दुखतोय." त्या दिवशी तेलाची वाटी थोरलीच हातात घेते आणि तिचा अंगठा चोळून देते.